फुफ्फुसं ‘साफ’ करणारे थेंब: बाबांच्या बाबतीत मी फसले

बाबांनी ३१ वर्षांनी सिगारेट सोडली आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा खोकला वाढला. सकाळी बेसिनपाशी उभे राहून बराच वेळ खाकरायचे, करडा कफ पडायचा. मी घाबरले. एक व्हिडिओ पाहून त्याखालच्या नंबरावर फोन केला. पलीकडचा माणूस अगदी मायेने म्हणाला, “ताई, हे साठलेलं विष आहे. ते आपोआप निघत नाही, काढावं लागतं.”

हे धादांत खोटं होतं, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात, एकेका पेशीवर साधारण २००. ते सेकंदाला १० ते १५ वेळा फटकारे मारतात आणि वरचा चिकट थर सतत घशाकडे ढकलतात. धूळ, काजळी, जंतू त्या थरात अडकून वर येतात आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. दिवसाला सुमारे १०,००० लिटर हवा आत घेऊनही फुफ्फुसं बुजत नाहीत, ती मुख्यतः यामुळे. सिगारेटच्या धुराने हे केस लुळे पडतात. सिगारेट सुटली की ते पुन्हा हलू लागतात, म्हणून काही जणांचा खोकला आधी वाढतो आणि काही आठवड्यांनी आपणहून उतरतो. बाबांचं शरीर पूर्वपदावर येत होतं. त्या माणसाने नेमकं तेच लक्षण आजार म्हणून मला विकलं.

बाटली आली. रात्री उताणं झोपून दोन्ही नाकपुड्यांत चार-चार थेंब, “थेट फुफ्फुसात उतरतात.” तीन आठवड्यांत खोकला कमी झाला. तो तसाही होणार होता. मी मात्र त्याला आभाराचा संदेश पाठवला आणि ओळखीच्या दोघींना नंबर दिला. याची बोच अजून जात नाही.

पुढच्या बाटलीसोबत ‘प्रतिकारशक्ती दुप्पट करणाऱ्या’ गोळ्याही आल्या. आता वाटतं, दुप्पट कशाला हवी? श्वासनलिकेतले केस वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, पोचत नाहीत. तिथे हवा आणि रक्त यांमधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ असतो आणि राखण करतात भक्षक पेशी. त्या जंतू आणि धूळ गिळतात, तेही बहुतेक वेळा सूज येऊ न देता. तिथल्या द्रवातली काही प्रथिनं जंतूंना चिकटून ते गिळणं सोपं करतात. कुमक लागलीच तर रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, पण त्यांची रसायनं जंतूंबरोबर आपल्या ऊतीही जाळतात. ही व्यवस्था चालते ती तोलावर.

दोन महिन्यांनी बाबांना जिना चढताना धाप लागू लागली, अंगात कणकण राहू लागली. अँटिबायोटिकने फरक पडेना. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात डाग दिसले. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, “नाकात काही घालता का?” बाटली दाखवली. आत होतं सुगंधी लिक्विड पॅराफिन, म्हणजे एक खनिज तेल. दुर्बिणीतून फुफ्फुसात थोडं पाणी सोडून ते परत काढलं, तपासलं. भक्षक पेशी तेलाच्या थेंबांनी ठासून भरलेल्या होत्या.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: हे तेल घशातून खाली सरकताना खोकल्याची उबळही येत नाही. भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, तेल सुटतं, दुसरी गिळते. सूज राहते आणि हळूहळू व्रण धरू शकतो. “डॉक्टरांना हे अजून ठाऊक नाही,” असं विक्रेता म्हणाला होता. भक्षक पेशींचं काम शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये ओळखलं होतं आणि त्यासाठी त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं.

तुमच्या घरात कुणी नुकतीच सिगारेट सोडली असेल आणि खोकत असेल, तर नाकात तेलकट काहीही घालू नका, ‘नैसर्गिक’ लिहिलं असलं तरी. कफात रक्त, ताप, धाप असेल किंवा खोकला लांबला, तर डॉक्टरांकडे जा.

थेंब बंद केल्यावर सहा महिन्यांनी डाग लहान झालेत, गेलेले नाहीत. तक्रार करायला बाटली पुन्हा हातात घेतली तेव्हा तळाशी बारीक अक्षरं दिसली: फक्त बाह्य वापरासाठी. नाकात घालायला त्याने फोनवर सांगितलं होतं, लेखी कुठेच नाही. त्या दोघींना मी त्याच दिवशी फोन केला. एकीने बाटली फोडली नव्हती. दुसरी महिनाभर आपल्या आईला ते थेंब देत होती.