मुंबईच्या परसात कापडी ग्रो बॅग: नवरात्रापासून मोगऱ्याच्या बहरापर्यंतचा अनुभव

मोगऱ्यासाठी कापडी ग्रो बॅग, म्हणजे कुंडीऐवजी झाड लावायची पिशवी, घ्यावी का, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून हो म्हणेन. जास्वंदीसाठी मात्र नको. असं का, ते सविस्तर लिहिते.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, जुन्या सोसायटीत तळमजल्यावर. मागे शहाबादी फरशीची लांबट पट्टी आणि कंपाऊंडच्या भिंतीलगत हातभर माती, एवढंच परस. ऊन सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत, म्हणजे फुलझाडांना पुरेसं. पाऊस सरून नवरात्र बसलं तेव्हा 12 बाय 12 इंची आणि 15 बाय 15 इंची अशा दोन मापांच्या बॅगा मागवल्या. हे जाड, न विणलेलं, नमद्यासारखं कापड असतं. जुन्या प्लास्टिकच्या कुंड्याही ठेवल्या, म्हणजे एकाच उन्हात दोन्हीकडची झाडं बघता आली.

12 इंची बॅगेत साधारण 22 लिटर मिश्रण मावतं. नर्सरीतली नुसती लाल माती भरू नका, मुंबईच्या उन्हात तिची वीट होते. मी दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वर मूठभर नीमपेंड असं भरलं. कोकोपीट दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावं, त्यातले क्षार निघून जातात.

आता मोगरा. प्लास्टिकच्या कुंडीत मुळं कडेला पोचली की भिंतीभोवती गोल फिरत राहतात. कुंडी उपडी केली की नुसता मुळांचा वेटोळा हातात येतो, आणि झाड वर्षभर हिरवंगार राहूनही फुलत नाही. कापडात मुळाचं टोक कडेपर्यंत आलं की बाहेरची हवा लागून तिथेच सुकतं आणि मागून नवी बारीक मुळं फुटतात. पाणी आणि खत ओढून घेणारी मुळं हीच. शिवाय कापडातून सतत बाष्पीभवन होत असल्यामुळे माती तापत नाही. दुपारी काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला हात लावला तर चटका बसतो, बॅगेच्या कडेला गार लागतं.

छाटणी सासूबाईंच्या पद्धतीने केली. संक्रांतीनंतर पाणी अगदी कमी करायचं. "त्याला जरा तहान लागू दे गं, मग बघ," असं त्या दर वर्षी म्हणतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला फांद्या निम्म्याने कापल्या, उरलेली पानंही खुडून टाकली, वरची माती मोकळी करून शेणखत आणि थोडं बोनमील (हाडांचा चुरा) घातलं आणि भरपूर पाणी दिलं. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवरच येतात, म्हणून छाटणीत माया दाखवायची नाही. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर विक्रोळीच्या बाजूची गुलाबी टॅबेबुया फुलली तेव्हा आमच्या मोगऱ्याला नुसते तांबूस कोंब होते. पाडव्याच्या सुमारास कळ्यांचे झुबके लागले. बॅगेतल्या झाडांना कुंडीतल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त फुटवे आले, आणि बहर ओसरल्यावर दुसरा बहरही लवकर धरला. संध्याकाळी कळ्या काढून ओल्या फडक्यात ठेवतो. सकाळी देवाला वाहून गजऱ्यापुरती फुलं उरतात, हे या घरात पहिल्यांदाच घडलं. त्या फुलांनी सासूबाईंचा चेहरा जो खुलतो, त्यासाठी मी बॅगांचे पैसे पुन्हा देईन.

कापडातून सतत बाष्पीभवन होतं, पण हाच गुण मार्चमध्ये जड जातो. मुंबईत खरा वसंत फार थोडा. जमिनीकडून पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुरू होतो आणि सांताक्रूझला पारा 38 च्या पुढे जातो. मुलुंड तर समुद्रापासून आणखी लांब. अशा दिवशी सकाळी पाणी घातलेली बॅग संध्याकाळी कोरडी ठणठणीत. कुंडीला एक वेळ पाणी पुरतं तिथे बॅगेला दोन वेळा लागतं, आणि चार दिवस गावाला जायचं असेल तर शेजारच्या काकूंना किल्ली द्यावीच लागते. मातीवर नारळाची सोडणं आणि सुका पाला दोन-तीन बोटं जाड पसरल्यावर ओल बरीच टिकू लागली. एसीचं पाणीही मी बादलीत धरते. त्यात क्षार नसतात, त्यामुळे कापडावर पांढरे डागही कमी पडतात.

जास्वंद मुळात तहानलेली. बॅगेत ती दुपारी माना टाकायची, कळ्या गळायच्या, आणि अशा अशक्त फांद्यांवर पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड लगेच बसते. लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि साबणाचे चार थेंब, असं संध्याकाळी फवारून ती आटोक्यात आली, पण झाड सावरलं ते मोठ्या कुंडीत हलवल्यावरच. पेटुनिया कशातही लावा, मार्चअखेर ती संपणारच. तिच्या जागी ऑफिस टाइम (पोर्टुलाका) हे फुलझाड लावा. उन्हाळाभर फुलतं, पण मुळं उथळ असल्यामुळे त्याला खोल बॅग वाया जाते, पसरट कुंडी बरी. लिंबू मात्र बॅगेत खूश आहे. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या दिसल्या तर मारू नका. त्या लिंबाच्या फुलपाखराच्या असतात, किंवा नशीब असेल तर 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेल्या नीलवंताच्या. थोडी पानं गेली तरी झाडाला पुन्हा येतात.

एक मोठा फायदा म्हणजे परसात बॅगेखाली ताटली लागत नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात, ती काळजी गेली. मात्र फरशीवर लाल पाण्याचे ओघळ पडतात, म्हणून बॅगा विटांवर ठेवल्या. उघड्या मातीवर तर ठेवूच नका. मुळं तळातून जमिनीत शिरतात, आणि घुशी खालून कुरतडतात. आमच्या एका बॅगेचा तळ तसाच गेला.

घेताना दोन गोष्टी बघा. कापडाची जाडी जीएसएममध्ये लिहिलेली असते, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. जितकं जास्त तितकं टिकाऊ. आणि कान, म्हणजे उचलायचे पट्टे, बॅगेच्या तळापर्यंत शिवलेले हवेत. आमच्या एका लॉटमध्ये ते नुसते काठाला टाचलेले होते आणि ओली बॅग सरकवताना उसवले. विकणाऱ्याने बदलून दिल्या नाहीत, घरीच नायलॉनच्या दोऱ्याने शिवले. भरलेली 15 इंची बॅग एकट्याने उचलू नये, दोघं लागतात.

सोनचाफ्यासाठी आता 18 इंची बॅग मागवली आहे. ती भिंतीच्या कोपऱ्यात जागेवर ठेवूनच भरणार, आणि रोप पहिला पाऊस पडून हवा गार झाल्यावर लावणार.