महिला आरोग्य तपासणी पॅकेज : सोनोग्राफी उत्तम, विचारपूस अपुरी

चाळिशी ओलांडलेल्या महिलांसाठी पुण्यातील एका निदान केंद्राने आखलेले साडेतीन हजार रुपयांचे तपासणी पॅकेज आम्ही माझ्या थोरल्या बहिणीसाठी घेतले. हिमोग्राम, थायरॉइड, रक्तातील साखर आणि पोटाची सोनोग्राफी एवढे त्यात येते. ताईच्या गर्भाशयात फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या, गाठी असल्याचे त्यातून निष्पन्न झाले, म्हणजे पैसे वाया गेले नाहीत. तरीही या सेवेबद्दल माझे मत संमिश्र आहे.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांचे काम मात्र वाखाणण्याजोगे होते. पोटावरून केलेल्या तपासणीत गर्भाशयाचे अस्तर नीट दिसत नसल्याचे त्यांनी स्वतःहून सांगितले आणि जादा शुल्काची कल्पना देऊन, ताईची संमती घेऊनच योनीमार्गे सोनोग्राफी केली. त्यात गर्भाशयाच्या भिंतीतील सुमारे चार सेंटिमीटरच्या गाठीखेरीज आतल्या पोकळीत डोकावणारी, दोन सेंटिमीटरहूनही लहान अशी दुसरी गाठ सापडली. ताईला पाळीत होणाऱ्या जास्त रक्तस्रावाचे कारण बहुधा ही धाकटी गाठच असावी, कारण फायब्रॉइडचा त्रास आकारापेक्षा जागेवर अधिक अवलंबून असतो, हे त्यांनी पडद्यावर दाखवून समजावले. बाहेरच्या बाजूने वाढणारी गाठ बरीच मोठी असूनही पाळी नियमित राहू शकते. अशा वेळी मूत्राशयावर दाब पडून वारंवार लघवीला जावे लागणे, बद्धकोष्ठता, ओटीपोटात जडपणा किंवा कंबरदुखी एवढीच लक्षणे दिसतात, आणि अनेक जणींना तर काहीच जाणवत नाही.

केंद्र उणे पडते ते विचारपूस करण्यात. नोंदणीच्या अर्जात मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी आणि शेवटच्या पाळीची तारीख विचारली जाते, पण पाळी सात दिवसांहून अधिक चालते का, सलग काही तास दर तासाला पॅड बदलावे लागते का, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडतात का, रात्री त्यासाठी उठावे लागते का, यांपैकी एकही प्रश्न कुठेच नाही. ताईला हे सारे होत होते. दोन पॅड एकावर एक लावणे आणि त्या दिवसांत गडद रंगाचेच कपडे घालणे तिच्या इतके अंगवळणी पडले होते की ‘पाळी जाण्याच्या वयात अंगावरून जास्त जायचेच’ असे म्हणून तिने जिना चढताना लागणारी धापही वयाच्या खात्यात टाकली होती. अहवालात हिमोग्लोबिन ८.९ होते; गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. समुपदेशक बाईंनी बीट, खजूर आणि पालेभाज्यांचा छापील कागद हाती दिला. पहिल्या पानावरचा रक्तक्षय आणि शेवटच्या पानावरची गाठ यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे त्यांच्या बोलण्यात आलेच नाही.

पॅकेजमध्ये समाविष्ट असलेला दूरध्वनीवरील वैद्यकीय सल्ला तर मला आक्षेपार्हच वाटला. ‘गाठी आहेत, मुले झाली आहेत, पिशवी काढून टाकण्याचा विचार करा,’ एवढे सांगून पलीकडच्या डॉक्टरांनी विषय संपवला. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ज्या राज्यात एवढा गाजला, तिथे हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जावा याचे नवल वाटते. फायब्रॉइड कर्करोगाची असणे अत्यंत दुर्मीळ आहे, पाळी थांबल्यावर या गाठी बहुधा आक्रसतात, आणि रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या किंवा हार्मोनयुक्त तांबी हेही पर्याय असतात. पुढे आम्ही ज्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी पोटावर छेद न घेता, दुर्बिणीने योनीमार्गे फक्त पोकळीतील गाठ काढण्याचा आणि त्याआधी लोहाची पातळी वाढवण्याचा सल्ला दिला.

काहीही त्रास नसलेल्या महिलेने एकदा सर्वसाधारण तपासणी करून घ्यायची म्हटली, तर हे पॅकेज ठीक आहे. वर लिहिलेली लक्षणे असतील तर थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन हिमोग्राम आणि योनीमार्गे सोनोग्राफी करून घेणे अधिक सयुक्तिक आहे. पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर गाठ असेल असा अंदाज करत न बसता लगेच डॉक्टरांना दाखवावे, कारण त्या तपासण्या वेगळ्या असतात आणि या पॅकेजमध्ये त्या नाहीत. अहवाल त्याच संध्याकाळी मोबाइलवर येतो, पण सोनोग्राफीच्या प्रतिमा त्यासोबत येत नाहीत; त्या मात्र काउंटरवरून मागून घ्याव्यात.