मुरगळलेला घोटा: पूर्ण आराम की लवकर हालचाल?

खो-खोत खांबाला वळसा घालताना घोटा आतल्या बाजूला वळतो आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडांना हाडं बांधून ठेवणारा चिवट पट्टा) ताणलं जातं. मग घरात दोन पक्ष पडतात.

आजीचा पक्ष: हळदीचा लेप, क्रेप बँडेज, पाय उशीवर, महिनाभर मैदान बंद. पहिले दोन-तीन दिवस आराम हवाच (मालिश मात्र नको, सूज वाढते). पण पुढेही नुसतं बसवून ठेवलं की पोटरी बारीक होते, सांधा आखडतो. आणि सूज उतरली म्हणून पोरगं थेट सामन्यात उतरतं, तिथेच पाय पुन्हा मुरगळतो.

फिजिओचा पक्ष: सोसवेल तितकी हालचाल लवकर सुरू. पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची, टाचा उचलायच्या, मग दात घासताना एका पायावर उभं राहायचं. धावणं, उड्या, झटकन वळणं शेवटी. कंटाळवाणं प्रकरण आहे, त्यात प्रशिक्षकांना स्पर्धेची घाई. तरी माझा कौल यालाच.

मात्र चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे. वाढत्या वयात लिगामेंटऐवजी हाडाच्या टोकाची ग्रोथ प्लेटही (जिथून हाड वाढतं तो कूर्चेचा थर) दुखावलेली असू शकते.