ऑफसेट ड्रायव्हर म्हणून गळ्यात मारलेले हॉर्न बेस

डिचोली तालुक्यात जत्रा-शिगम्याला साउंड देतो मी, छोटाच धंदा, जास्त करून नाटकं आणि भजनं. गेल्या वर्षी ऑर्केस्ट्राच्या ऑर्डरी यायला लागल्या म्हणून दोन हॉर्नचे बेस डबे (आत लांब वाट असलेले, खालच्या सुरांचे स्पीकर) बनवून घेतले, दीड लाख गेले. बनवणाऱ्याचं नाव घेत नाही, पण त्याने काय केलं ते नीट वाचा, कारण बाहेरून बघून कुणालाच कळणार नाही.

त्याने वर्कशॉपमध्ये नमुन्याचा डबा ऐकवला. एक नंबर आवाज. आत घडी घातलेली वाट 2.15 मीटर आहे म्हणाला, आणि हिशोब बरोबर होता, वाट सगळ्यात खालच्या सुराच्या लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी लागते, 40 हर्ट्झची लहर साधारण साडेआठ मीटरची, तिचा चौथा हिस्सा तेवढाच भरतो. ड्रायव्हर, म्हणजे डब्यातला मूळ स्पीकर, त्या वाटेच्या अरुंद टोकाला, थ्रोटवर बसवला की समोरच्या हवेचा दाब, म्हणजे लोड, त्याच्या कोनवर (हलणाऱ्या पडद्यावर) येतो, कोन थोडा हलतो आणि आवाज मोठा येतो. हॉर्नचे पैसे आपण त्यासाठीच मोजतो ना!

माझे डबे आले, तेच माप, तोच रंग, तीच जाळी. पहिल्याच जत्रेत बेस गिटारवाल्याने जाड तार उघडी वाजवली (ती 41 हर्ट्झची असते) आणि आतून टक् टक् टक्, कोन हलवणारी तारेची कॉइल मागच्या प्लेटवर आपटतेय. मी म्हटलं अँप जास्त झाला, कमी केला, तरी मध्यरात्रीच्या आधी एक ड्रायव्हर जळालाच. जळालेले ड्रायव्हर दुरुस्त करणाऱ्या रिकोनवाल्याने कॉइल दाखवली, खालची कड चेपून मशरूमसारखी फुगलेली, म्हणाला हा कोन मोकळाच हलत होता, याच्यावर लोडच नव्हता.

मग घरी वायरिंगची फ्लेक्सिबल पाइप घेतली आणि डब्याच्या तोंडातून आत सारत गेलो. 1 मीटर 40 ला अडकली. कोपऱ्यात पाइप शॉर्टकट मारते, त्याचे दहा-पंधरा सेंटी सोडा, पण पाऊण मीटर कुठे गेलं? जाळी काढून टॉर्च मारला तर ड्रायव्हर वाटेच्या मध्येच बसवलेला.

फोन केला तर म्हणतो, "बाब, हे ऑफसेट ड्रायव्हर डिझाइन, तुला कळायचं नाय." आता गंमत बघा, ऑफसेट हा खरा प्रकार आहे. सरळ पाइपमध्ये बंद टोकापासून एक तृतीयांश अंतरावर ड्रायव्हर ठेवला तर पाइपच्या मूळ सुराच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा रेझोनन्स (घुमणं) उठत नाही, कारण तिथे त्या लहरीचा दाब शून्य असतो. लोड थोडा कमी होतो पण आवाज सपाट येतो, जाणते लोक मुद्दाम करतात. 2.15 चा एक तृतीयांश म्हणजे 72 सेंटी, याचं गायब झालेलं पाऊण मीटर, म्हणजे थाप अगदी बेतून मारलेली. मी दोन दिवस गप्प बसलो, खरंच मलाच कळत नसेल असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर काढला. ऑफसेटमध्ये ड्रायव्हरच्या मागचा तो तुकडा वाटेला उघडा जोडलेला असतो, ती हवा धरूनच 2.15 होतात. इथे ड्रायव्हरला लागूनच आडवी फळी ठोकून सिलिकॉन मारलेलं, पलीकडे रिकामी पोकळी. घड्या नाहीत, प्लाय वाचवला, कापण्याची मजुरी वाचवली. 1.40 मीटरला लोड ढोबळ 62 हर्ट्झपर्यंतच मिळणार, त्याखाली कोन उघड्यावर पडतो, आणि एक सप्तक खाली गेलं की तेवढ्याच आवाजाला चौपट हलतो. जळणार नाही तर काय होणार.

तुम्ही घेणार असाल तर पाइप स्वतः न्या आणि नमुन्याच्या नाही, *तुमच्या* डब्यात घाला. लॅपटॉप असेल तर एक रेझिस्टर लावून नमुन्याच्या आणि तुमच्या, दोन्ही डब्यांचा इम्पिडन्स (फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलणारा विजेचा अडथळा) काढा, आलेखातला पहिला उंचवटा वेगळ्या जागी आला की समजा. बाकीचे पैसे त्यानंतर. मी सगळे आधी दिले, बिल मागितलं नाही, तिथेच मेलो.

पैसे अजून आले नाहीत. परवा ओळखीचा एक पोरगा तिथे जाऊन आला, तो नमुन्याचा डबा अजून दारातच उभा आहे, गिऱ्हाइकाला ऐकवायला.