आधी दिवा, मग आवाज: दचकणाऱ्या माणसाच्या घरातली दारावरची बेल

ही बेल आमच्याकडे लागून चार महिने झाले. घेण्याआधी मी बऱ्याच बेलांबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचत होते. जिथे तिथे एकच कौतुक: आवाज खणखणीत, बंद दाराआडही ऐकू येतो, झोपलेला माणूस उठून बसतो. मला नेमकी उलटी वस्तू हवी होती. तशी कुणाला हवी असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितेय.

माझा दादा विजेच्या सबस्टेशनमध्ये काम करतो. गेल्या वर्षी तो उभा होता तिथून चार पावलांवर एका पॅनेलमध्ये स्फोट झाला. हात भाजला होता, तो दोन महिन्यांत भरून आला. कान तपासून घेतले, चांगले निघाले. मागे राहिलं ते दचकणं. वाऱ्याने दार आपटलं, कुणाच्या हातून बादली निसटली, की याची मान आत जाते, खांदे कानांपर्यंत चढतात, कोपरं पोटाशी येतात आणि गुडघे जरासे वाकतात. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं होऊन जातं. पण नंतर दहा-पंधरा मिनिटं हात थरथरत राहतात आणि तो कुणाशी बोलत नाही.

सगळ्यांत त्रास व्हायचा तो दारावरच्या बेलचा. जुनी बेल म्हणजे करकरीत बझर. बटण दाबलं की त्याच क्षणी पूर्ण आवाज. एकदा सकाळी दादा दाढी करत असताना ती वाजली आणि जबड्याखाली चांगलंच कापलं. मी धावत गेले तर टॉवेल दाबून उभा होता. म्हणाला, "मला कळतं गं, बेलच आहे. मी घाबरत नाहीये. अंग ऐकत नाही."

हे वाक्य मी धरून ठेवलं, कारण तोवर जो तो त्याला मन घट्ट कर म्हणून सांगत होता. वहिनीही काळजीपोटी तेच सांगायची. मग मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आम्हां तिघांना बसवून नीट समजावलं. अचानक मोठा आवाज आला की कानातून निघालेला संदेश मेंदूच्या देठातून थेट मणक्याकडे आणि स्नायूंकडे जातो. वाटेत थांबे मोजकेच. पापण्या सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आतच मिटायला लागतात, पाठोपाठ मान आणि खांदे. विचार करणारा मेंदू "अरे, ही तर बेल" असं म्हणेपर्यंत अंगाने आपलं काम उरकलेलं असतं. मन कितीही घट्ट केलं तरी ते पोचतं उशिराच.

घरी आल्यावर मी आणखी वाचत बसले. चार्ल्स डार्विनने 1872 सालच्या आपल्या पुस्तकात स्वतःचाच एक प्रयोग नोंदवलाय. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ अॅडर या विषारी सापाच्या जाड काचेजवळ त्याने तोंड नेलं आणि ठरवलं की, सापाने झेप घेतली तरी मागे सरायचं नाही. सापाने काचेवर डोकं आपटलं आणि डार्विन एक-दोन यार्ड मागे उडाला. मी हे दादाला वाचून दाखवलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं. लँडिस आणि हंट या संशोधकांनी पिस्तुलाचा बार काढून दचकणाऱ्या माणसांचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं होतं, ते त्यांनी 1939 सालच्या पुस्तकात मांडलंय. त्यात दिसलेली शरीराची घडण, पुढे आलेलं डोकं, वर गेलेले खांदे, वाकलेली कोपरं, हुबेहूब आमच्या दादाची. आणि पापण्या मिटणं तर जवळजवळ कुणालाच चुकलं नव्हतं. त्या दिवशी तो पहिल्यांदा म्हणाला, "म्हणजे हे सगळ्यांनाच आहे. माझं फक्त वाढलंय." अपघातानंतरच्या मानसिक आघातात दचकणं वाढणं हे त्या आजाराच्या ठरलेल्या लक्षणांपैकी एक आहे, हेही आम्हांला तेव्हाच कळलं.

या सगळ्यातून माझ्या हाती खरेदीपुरती एक गोष्ट लागली. आवाज किती मोठा आहे एवढ्यावर दचकणं ठरत नाही. तो किती झटकन चढतो यावर फार अवलंबून असतं. तोच मोठा आवाज हळूहळू वाढत गेला तर अंग आक्रसत नाही. तोवर मी जुन्या बझरच्या तोंडावर चिकटपट्ट्या लावून त्याचा आवाज कमी करत बसले होते. आवाज कमी झालाही, पण तो तसाच एकदम यायचा आणि दादा तसाच दचकायचा.

आता बेलविषयी. दोन भाग आहेत: दाराबाहेर लावायचं बटण आणि आत भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा रिसीव्हर, साधारण साबणाच्या वडीएवढा. मध्ये वायर नाही. बटण दाबलं की आधी रिसीव्हरच्या कडेने पांढरा उजेड सावकाश चढतो. दोन सेकंदांनी आवाज सुरू होतो, लाकडावर लाकूड हलकेच टेकवल्यासारखा, खालच्या पट्टीतला. पुढच्या पाच सेकंदांत तो आपण ठरवलेल्या पातळीपर्यंत जातो. पातळ्या सहा आहेत, आम्ही तिसरीवर ठेवलीय. धून निवडता येते, पण बाकीच्या धुनांची सुरुवात टोकदार आहे. एकदा ऐकल्या, परत लावल्या नाहीत.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट खोक्यावर कुठेच लिहिलेली नाही. बाहेरच्या माणसाने घाईने पाच वेळा बटण दाबलं तरी पहिला आवाज पुरा होईपर्यंत बेल बाकीचं काही जुमानत नाही. जुन्या बझरचा निम्मा छळ हाच होता. एकदा वाजून गेला, दादाने श्वास सोडला, खांदे खाली आले, की पुन्हा कर्रर्र. दुसऱ्या वेळचं दचकणं पहिल्यापेक्षा मोठं असायचं. साधारणपणे तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की अंग सरावतं. पण जीव आधीच धास्तावलेला असेल तर दचकणं वाढतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत 1951 सालीच दिसलेलं आहे. "सवय होईल" म्हणून त्याच त्या बझरखाली ठेवलेल्या माणसाला सवय का होत नाही, ते मला तेव्हा उमगलं.

खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत लिहिलंय की, या बेलमुळे दचकणं पूर्ण थांबतं. हे लिहायला नको होतं. मोठ्या आवाजाच्या साधारण दहावा भाग सेकंद आधी एखादा हलका आवाज आला तर दचकणं कमी होतं, हे खरं आहे; त्याला सरावही लागत नाही, पहिल्याच वेळी होतं. पण इथला दिवा दोन सेकंद आधी लागतो, त्यामुळे हे ते नव्हे. दिवा फक्त वर्दी देतो. वर्दी मिळाली की माणूस सावरून बसतो, आणि मग हळू चढणारा आवाज त्याला सांभाळून घेतो. दोन्ही मिळून फरक पडतो, आणि आमच्याकडे तो मोठा पडला. पहिल्या आठवड्यात दादाचे खांदे अर्धेच वर जायचे. महिन्याभराने बेल वाजल्यावर तो वाक्य न तोडता बोलत राहिला आणि वहिनीने माझ्याकडे बघितलं.

आता तक्रार, आणि ती लहान नाही. वीज जाऊन परत आली की हा रिसीव्हर आपण ठेवलेली पातळी विसरतो. नुसता विसरत नाही, तर आपण चालू झालोय हे कळवायला एकदा वाजतो. सहाव्या पातळीवर, दिव्याशिवाय, एकदम.

हे आम्हांला रात्री अडीचला कळलं. घर अंधारात होतं, आणि अंधारात माणूस जास्तच दचकतो. दादा ताडकन उठून बसला, हात डोक्यावर. शेजारी त्याची तीन महिन्यांची मुलगी झोपली होती. तिने दोन्ही हात फाकले, बोटं ताणली, मग हात छातीशी गोळा केले आणि टाहो फोडला. मी दारातून मोबाइलचा उजेड धरला होता, त्यात दोघं एकाच वेळी दिसली. बाळाचं अंग बाहेर उघडलेलं, बापाचं आत मिटलेलं. बाळांच्या या हालचालीचं वर्णन एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने 1918 साली केलं, म्हणून तिला मोरो प्रतिक्षेप म्हणतात. चार ते सहा महिन्यांत ती आपोआप मावळते. वहिनीने बाळाला उचललं. दादाला कुणी उचलायचं? मी त्याच्या पाठीवर हात ठेवणार होते, पण मागून अचानक लागलेला हातही त्याला सोसत नाही. म्हणून समोर जाऊन जमिनीवर बसले. पहाटेपर्यंत बसून होते.

कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, सभ्य होतं: पातळी लक्षात ठेवण्याची सोय या मॉडेलमध्ये नाही. दचकणाऱ्या माणसांसाठी म्हणून विकलेल्या वस्तूत ही चूक राहतेच कशी, हे मला आजही कळलेलं नाही. ज्याने ती बनवली त्याने एकदा तरी प्लग काढून परत लावून बघायला हवा होता.

तोडगा दादानेच काढला. वीज हाच त्याचा विषय. राउटरसाठी मिळतो तसला छोटा बॅटरी बॅकअप आणून त्याने रिसीव्हर त्यावर जोडला. मग संध्याकाळभर दारात उभं राहून स्वतःच बटण दाबत राहिला, मुख्य स्विच बंद करून, चालू करून, पुन्हा बंद करून. आपणच दाबलेल्या बटणाला माणूस फारसा दचकत नाही, तसा तोही दचकला नाही. पण अपघातानंतर त्याने हातात टेस्टर धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यानंतर वीज अनेकदा गेली, बेल गप्प राहिली. तुम्ही ही बेल घेणार असाल तर बॅटरी बॅकअप त्याच दिवशी घ्या, नंतर बघू म्हणू नका.

बाकी बारीकसारीक. दिवा नजरेच्या टप्प्यात असेल तरच उपयोगी. न्हाणीघरात असलेल्या माणसाला वर्दी मिळत नाही, फक्त हळू चढणारा आवाज मिळतो. दुसरा रिसीव्हर वेगळा विकत मिळतो, आम्ही तो आतल्या खोलीत लावलाय. दिव्याचा उजेड रात्री जरा प्रखर वाटतो, वर पातळ कागद चिकटवला की भागतं. आणि बाहेरच्याला वाटतं बेल बिघडलीय, कारण त्याला दोन सेकंद काहीच ऐकू येत नाही. मग तो दार बडवतो आणि सगळं मुसळ केरात. आम्ही बटणावर चिठ्ठी लावलीय: "बेल उशिरा वाजते. कृपया दार ठोठावू नका." कुरिअरवाले वाचतात, आणि थांबतात.

घरात कमी ऐकू येणारं माणूस एकटं राहत असेल तर मी ही बेल सुचवणार नाही. तिसऱ्या पातळीचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, आणि दिवा दिसेलच असं नाही. आणि दचकल्यावर कुणाचं अंग ताठ होऊन ते माणूस पडत असेल, तर बेल बदलत बसू नका, मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. तो वेगळा, दुर्मीळ आजार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. दादाचेही उपचार चालूच आहेत. या बेलने तो बरा झाला असं मी म्हणत नाही. घरात बसून सतत दाराकडे कान लावण्यात त्याची जी ताकद जात होती, ती वाचली.

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा त्या अडीच वाजताच्या रात्रीचा.

बाळ आता पाच महिन्यांचं आहे आणि तिचे हात फाकायचे थांबलेत. गेल्या रविवारी दादा तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता, तेवढ्यात भिंतीवर उजेड चढला. तो थांबला, तळवा तिच्या कानावर ठेवला. बेल वाजली. त्याच्या पापण्या मिटल्या, उघडल्या. खांदा हलला नाही. त्यावर तिचं डोकं होतं.