ज्वालामुखी धोका-मूल्यमापन संच : परकाराचे वर्तुळ आणि नदीचे खोरे

औसा तालुक्यातील आमच्या शाळेत नववीला भूगोल शिकवताना ज्वालामुखीचा पाठ चित्रांपलीकडे जात नव्हता, म्हणून यंदा शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून हा संच मागवला. त्यात डोंगराची प्लास्टरची प्रतिकृती, पायथ्याचे काल्पनिक गाव, समोच्चरेषांचा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा, पारदर्शक कागद आणि मार्गदर्शक पुस्तिका आहे. मुलांनी लाव्हा, राख, तप्त वायू-राखेचे लोट व चिखलाचे लोंढे यांपासूनचा धोका वेगवेगळ्या कागदांवर रंगवायचा आणि ते कागद एकावर एक ठेवून गावाचा कोणता भाग किती असुरक्षित आहे हे ठरवायचे, अशी त्याची रचना आहे.

प्रतिकृती उत्तम आहे. तिच्या शिखरावर पातळ चिखल ओतला की तो डोंगरभर न पसरता दोन घळींतून धावतो, आणि पायथ्याच्या सपाट भागात पोहोचल्यावरच पंख्यासारखा फाकतो. एवढे पाहिल्यावर मुलांना वेगळे समजावावे लागत नाही.

पुस्तिका मात्र नेमके याच्या उलट शिकवते. विवर मध्यबिंदू धरून परकाराने तीन वर्तुळे काढा, आतले लाल, बाहेरचे हिरवे, असे ती सांगते. उद्रेक सुरू असताना तातडीने माणसे हलवायची असतील तेव्हा वर्तुळ आखावेच लागते. २०१० मध्ये इंडोनेशियातील मेरापी ज्वालामुखीभोवतीचे प्रतिबंधित क्षेत्र १० वरून १५ आणि पुढे २० कि.मी. केले गेले. पण निवांतपणे केलेल्या मूल्यमापनात अंतराइतकाच उतारही मोजला पाहिजे. कोलंबियातील नेवाडो देल रुईझ हा ज्वालामुखी १३ नोव्हेंबर १९८५ रोजी उफाळला तेव्हा उद्रेक फार मोठा नव्हता. परंतु शिखरावरचे बर्फ वितळून निघालेला चिखल नदीच्या खोऱ्याने सुमारे ७० कि.मी. वाहत अडीच तासांत आर्मेरो शहरावर आला आणि तेथे २०,००० हून अधिक माणसे गेली. या शहराला चिखलाच्या लोंढ्याचा धोका असल्याचे आदल्याच महिन्यातील नकाशाने दाखवले होते. पुस्तिकेची वर्तुळे वापरली असती तर आर्मेरो हिरव्या रंगातही आले नसते.

दुसरी उणीव राखेविषयी आहे. राखेचा थर किती सेंटिमीटर, एवढेच पुस्तिका विचारते. ती ओली की कोरडी आणि छप्पर कशाचे, हे विचारत नाही. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या मुख्य उद्रेकाच्याच दिवशी वादळी पाऊस आला, राख भिजून जड झाली आणि त्या उद्रेकातील बहुतेक बळी छपरे कोसळून गेले. आमच्या भागात हा मुद्दा सांगण्यासाठी फिलिपिन्सपर्यंत जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या भिंतींवरची जड माळवदे लोकांच्या अंगावर आली, आणि तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. वर्गातील अनेक मुलांच्या आजी-आजोबांनी ती पहाट पाहिली आहे, म्हणून छपराचा रकाना आम्ही हाताने आखून जोडला.

पुस्तिकेतील वर्तुळांचे पान मात्र बदलायलाच हवे. तसे दुकानाला कळवले आहे. संच घेण्याजोगा आहे. घेतल्यावर परकार पेटीतच ठेवावा, आणि रंग हातात देण्याआधी पाणी कुठून वाहील ते प्रत्येक मुलाला समोच्चरेषांवर बोट ठेवून दाखवायला सांगावे.