नवा हूड म्हणून माझाच जुना हूड काळा फासून दिला, 19,900 रुपयांना

जिप्सी, जुनी थार किंवा कुठलीही कापडी टपाची गाडी असेल आणि पावसाच्या तोंडावर हूड शिवायला टाकणार असाल, तर आधी हे वाचा. माझे 19,900 रुपये गेले. 10,000 यूपीआयने ॲडव्हान्स, 1,400 ‘झिप आणि बटणं वेगळी पडतील’ म्हणून, आणि 8,500 रोख, गाडी ताब्यात घेताना. त्या बदल्यात मिळाला माझाच हूड. आतून ठिगळं, वरून काळा रंग.

गाडी अण्णांची, 2006 ची जिप्सी. अण्णा गेल्यापासून तिला विकायचा विषय घरात कोणी काढत नाही. हूड व्हायनलचा, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाचा. तो दोन ठिकाणी गेला होता. मागच्या कमानीवर, जिथे कापड दुमडतं आणि पाइपला घासतं, तिथे वीतभर चीर. आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरची शिलाई उसवलेली. ही दुसरी तर फाटलेली नव्हतीच. उन्हाने दोरा कुजतो, कापड शाबूत राहतं. तेव्हा हे मला कोणी सांगितलं असतं तर त्या दुकानाची पायरीच चढलो नसतो.

दुकानदार म्हणाला, “भाऊ, हे व्हायनल मेलंय. यावर सुई मारली की भोकांच्या रेषेतच फाटत जाईल.” हे अर्धं खरं आहे. जुन्या कडक व्हायनलवर जवळजवळ टाके घातले की तसंच होतं. म्हणूनच माझा विश्वास बसला. धादांत खोटं बोलला असता तर कळलं असतं. त्याने नव्या कापडाचा तुकडा दाखवला, जाड, आतून सुती अस्तर. त्यावर पाणी ओतलं, थेंब मोत्यासारखे घरंगळले. “मापाला जुना हूड इथेच ठेवावा लागेल,” म्हणाला. ठेवला. (तुम्ही ठेवलात तर आधी चारही कोपऱ्यांचे फोटो काढा. आणि नमुन्याचा तुकडा कापून घेऊन मागे त्याची सही घ्या. देत नसेल तर उठा.)

आता ती शनिवारची संध्याकाळ. ती आठवली की अजून झोप लागत नाही.

मागच्या डाव्या कोपऱ्यात अण्णांनी दाभणाने घातलेले सात टाके होते. निळा नायलॉनचा दोरा, शेवटी गाठ. कधीतरी द्राक्षाच्या क्रेट चढवताना तिथे फाटलं होतं. गाडी घ्यायला गेलो तेव्हा अंधारून आलं होतं, दुकानात एकच ट्यूब, पोरगा शटर अर्धं ओढून उभा. मी हूडवरून हात फिरवला आणि त्या कोपऱ्यात अंगठ्याखाली गाठ लागली. स्पष्ट लागली. मी विचारलंसुद्धा, “इथे काय आहे?” तो म्हणाला, “आतली पट्टी भाऊ, कॉर्नरला डबल येते.” मी ‘बरं’ म्हणालो. तळहात बघितला तर काळा. “नवीन मालाचा रंग असतो, दोन पाण्यात जाईल.” त्यालाही बरं म्हणालो आणि 8,500 मोजून दिले.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे, एकोणीस वर्षं. शंभराव्या भागाचा फरक मी परत पाठवतो. पण आभाळ भरून आलं होतं, आईला सोमवारी त्र्यंबकला न्यायचं ठरलं होतं, दोन आठवडे रोज ‘उद्या या’ ऐकून जीव विटला होता. अशा वेळी माणूस गाडी घेऊन निघतो. हे लोक उशीर मुद्दाम करतात, तुम्ही घाईला यावं म्हणूनच. मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी त्या ट्यूबच्या उजेडात उभं राहून बघावं.

सोमवारी अंजनेरीच्या अलीकडे पाऊस लागला. दहा मिनिटांत कमानीवरून धार सुरू झाली. पाणी काळं. आईच्या मोतिया रंगाच्या साडीवर, निऱ्यांपर्यंत. ती काही बोलली नाही, पदराने सीट पुसत राहिली. घरी येऊन कोपरा खरवडला आणि रंगाखालून निळा दोरा निघाला.

दुकानदार म्हणाला, “पावतीवर नवीन हूड लिहिलंय का?” नव्हतं. ‘हूड काम’ एवढंच, साध्या कागदावर, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल घ्या, आणि त्यावर कापड कुठलं आणि नवं की दुरुस्ती, हे लिहून घ्या. जुना हूड परत मागा. ‘फेकून दिला’ म्हणाला की ओळखा.

मग चौकी. पहिल्या दिवशी, “साहेब बंदोबस्ताला गेलेत.” दुसऱ्या दिवशी, “गाडीच्या छपराची तक्रार? ही दिवाणी बाब आहे.” मी म्हणालो, नव्याचे पैसे घेऊन जुनं दिलं, ही सरळ फसवणूक आहे. पूर्वीचं 420, आता न्याय संहितेचं कलम 318. तर म्हणे, “कायदा तुम्ही शिकवणार का?” तिसऱ्या खेपेला दुकान दुसऱ्या हद्दीत असल्याचं निघालं. दुसऱ्या ठाण्यात गेलो तर, पैसे घरून पाठवलेत ना, मग तिकडेच जा. दखलपात्र गुन्ह्याला हद्दीचं कारण देता येत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवणं, 1 जुलै 2024 पासून कायद्यातच लिहिलेला आहे. हे कागदावर. प्रत्यक्षात मी चार अर्ध्या रजा टाकल्या आणि हाती आली अर्जाची एक प्रत, तिच्यावर शिक्कासुद्धा नाही. ज्याने फसवलं त्याचं दुकान रोज साडेदहाला उघडतं, आणि बाकावर बसायचं मी! कोणीतरी दुकानात एक चक्कर मारायची होती, एवढंच. एका हवालदाराने तर विचारलं, पुढच्या वेळी हार्डटॉप का बसवत नाही?

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून नोंद केली. ग्राहक आयोगात स्वतः तक्रार टाकतोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. पुरावा म्हणून एक जुना घरचा फोटो सापडला, अण्णा गाडीला टेकून उभे आहेत आणि खांद्यामागे ते टाके दिसतात.

शेवटी काम केलं ते ताडपत्री शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी, 2,650 रुपयांत. तसल्याच कापडाचं ठिगळ आतून, कोपरे गोल कापून (टोकदार कोपरा आधी सुटतो), चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जादा. चिकटवायचं सोल्युशन दोन्हीकडे लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबले, मग रूळ फिरवला. शिलाई जुन्याच भोकांतून, पॉलिस्टरच्या दोऱ्याने. पण ते म्हणाले, रंगातल्या थिनरने व्हायनलचा मऊपणा गेलाय, आता दुसरीकडे तडकेल. तडकायला लागलंय.

गाडी घेताना ओला पांढरा रुमाल घासून बघा. पैसे द्यायच्या आधी नळी लावून पंधरा मिनिटं पाणी मारा, आत कोणाला तरी बसवा. रोख देऊ नका. आणि या उन्हाळ्यात नाशकात ज्यांनी कोणी नवा हूड म्हणून पैसे मोजलेत, त्यांनी आज रात्रीच बॅटरी घेऊन मागचे कोपरे चाचपा. काही लागलं तर फोटो काढून मला कळवा, चौकीत पुढच्या वेळी मला एकट्याने जायचं नाही.